आधी टायर, मग ब्रेक, मग चालवणारा. सायलेन्सरला हात लावू नका!

पाडवा आणि दसरा जवळ आला की माझ्या इनबॉक्समध्ये एकाच छापाचे मेसेज सुरू होतात. "दादा, गाडी बुक केली. डिलिव्हरी पाडव्याला. पहिलं काय करू, एक्झॉस्ट की रिमॅप?" कोणाची व्हर्टस जीटी असते, कोणाची एन लाइन, एखाद्याची थेट एम ३४० आय. गाडीची किंमत बारा लाखांची असो नाहीतर सत्तर लाखांची, प्रश्न तोच आणि पर्यायही तेच दोन.

आज उत्तर जाहीरपणे देतोय, कारण हा प्रश्न आता खाजगी राहिलेला नाही. तुमच्या गाडीतला पहिला बदल कोणता, यावर कर्वे रोडवरच्या पेशंटची झोप, बाणेरमध्ये रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांचा जीव आणि ताम्हिणीत समोरून येणाऱ्या एसटीतल्या पन्नास माणसांची सुरक्षितता अवलंबून आहे. म्हणून स्पष्ट सांगतो. दोन्ही नाही. एक्झॉस्ट नाही, रिमॅपही नाही. पहिला बदल टायरचा, दुसरा ब्रेकचा आणि तिसरा स्टीअरिंगमागे बसलेल्या माणसाचा.

हे वाचून अर्धे लोक "काका झालास रे" म्हणतील. म्हणा. पण शेवटपर्यंत वाचा आणि मग मुद्द्याने खोडून काढा.

आधी एक्झॉस्टचं बघू. हल्लीची जवळपास प्रत्येक "फास्ट" गाडी टर्बोची आहे. टर्बो गाडीत कॅटच्या मागची नळी आणि मागचा डबा बदलून मिळणारी ताकद इतकी नगण्य असते की चालवताना कळतसुद्धा नाही. मिळतो तो आवाज. ताकद हवी म्हणून पुढची पायरी गाठली जाते, ती म्हणजे डाउनपाइप बदलणं. म्हणजे बहुतेक वेळा काय, तर कॅटलिटिक कन्व्हर्टर काढून फेकणं. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचं बऱ्यापैकी निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणारा गाडीतला एकमेव भाग काढून टाकायचा आणि वर मागच्या काचेवर "सेव्ह द मॅन्युअल्स"चं स्टिकर लावायचं! निसर्गावर प्रेम आहे म्हणून दर रविवारी घाटात जाणारी हीच मंडळी.

आणि ते "पॉप्स अँड बँग्स". त्याला आमच्याकडे सरळ फटाके म्हणतात. अॅक्सिलरेटर सोडल्यावर इंधन मुद्दाम चालू ठेवायचं, ठिणगी उशिरा पाडायची, म्हणजे ते सिलिंडरमध्ये न जळता पुढे जाऊन एक्झॉस्टमध्ये पेटतं. यातून अर्धा पीएससुद्धा मिळत नाही. वरून कॅट आणि टर्बो भाजून निघतात. स्वतःच्या गाडीचं आयुष्य जाळून लोकांची झोपमोड करायची, याला परफॉर्मन्स मॉडिफिकेशन म्हणणारा माणूस एकतर दुकानदार आहे किंवा त्याचं गिऱ्हाईक.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. कार रस्त्यावर येण्याआधी तिच्या आवाजाची चाचणी होते आणि नऊपर्यंत आसनांच्या गाडीला मर्यादा ७४ डेसिबलची आहे. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि कोर्टाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर असेल, तर तिथे ५० आणि ४०. आता डेसिबलची गंमत अशी की १० ने आकडा वाढला म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. तेव्हा "थोडासाच लाऊड आहे" असं काही नसतं. पुण्यात नकाशा उघडा आणि रुग्णालयांभोवती १०० मीटरची वर्तुळं काढा. मग मला असा रस्ता दाखवा जिथे रात्री साडेबाराला फटाके फोडता येतील.

"बुलेटवाल्यांना आधी पकडा." पकडा की! त्यांची पुंगळी आणि तुमचा टायटॅनियमचा डबा, दोन्ही माझ्या दृष्टीने एकच. फरक एवढाच की त्यांनी चार हजार घातले, तुम्ही दीड लाख.

आता रिमॅप. हा विषय जरा गंभीर आहे, कारण इथे खरोखर ताकद वाढते. टर्बो इंजिनाच्या ईसीयूमधले आकडे बदलले, बूस्ट वाढवला, ठिणगीची वेळ पुढे घेतली, की वीस-पंचवीस टक्के ताकद जास्त मिळते. खोटं नाही. पण ती ताकद जाते कुठून, हे कोणी विचारत नाही.

उदाहरण आपल्या लाडक्या दीड लिटर टीएसआयचं घ्या. १५० पीएस, २५० न्यूटन मीटर. त्याला जोडलेला सात गिअरचा ड्राय क्लचवाला डीएसजी म्हणजे डीक्यू २००. या गिअरबॉक्सची क्षमता किती? २५० न्यूटन मीटर. म्हणजे कंपनीने स्टॉकमध्येच त्याला काठोकाठ भरून दिलाय. आता तुम्ही स्टेज वन करून टॉर्क तीनशेच्या घरात नेणार, वर सिग्नलवर लाँच मारणार आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज तासभर क्लच घासत नेणार. क्लच पॅक गेला की वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटर लावतात, ईसीयूला हात लागल्याची नोंद दिसते आणि वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं. ट्यूनर तेव्हा फोन उचलत नाही. उचलला तर म्हणतो, "भावा, तू गाडी नीट वापरली नाहीस."

त्यात पेट्रोलचा मुद्दा. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन बराच काळ ९१ होता. ट्यूनची फाइल लिहिलेली असते ९५ नाहीतर त्याहून वरच्या पेट्रोलसाठी. शहरात मिळेल हो ९५, काही मोजक्या पंपांवर १००ही मिळतं. पण कोकणात उतरल्यावर रात्री नऊला पंपावर जे असेल ते भरावं लागतं. एप्रिलमध्ये बाहेर ४० अंश, टर्बो तापलेला, बूस्ट वाढवलेला आणि टाकीत साधं पेट्रोल. इंजिन नॉक व्हायला लागतं, नॉक सेन्सर ठिणगी मागे ओढतो आणि विकत घेतलेली ताकद परत जाते. सेन्सर कमी पडला तर पिस्टन जातो.

विम्याचंही तेच. केलेला बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. कळवतो कोण? शंभरात एकही माझ्या माहितीत नाही. मग अपघात झाला की सर्व्हेअर येतो, डाउनपाइप बघतो आणि दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. तेव्हा ओरडू नका.

आता माझी बाजू. रिमॅपने शून्य ते शंभरमध्ये फार तर सेकंदभर वाचतो. ठीक. टायरने काय वाचतं, ते बघा. शंभरच्या वेगात गाडी दर सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. तुमचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच एक सेकंद गेलेला असतो. त्यानंतर चांगल्या टायरवर गाडी ४० मीटरमध्ये थांबते असं धरा. टायर थोडा वाईट आहे आणि तीच गाडी ४४ मीटरमध्ये थांबली. चारच मीटरचा फरक ना? साधं शाळेतलं गणित मांडा. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्याच जागी दुसऱ्या गाडीचा वेग अजून ताशी ३० च्या आसपास असतो. त्या ४० व्या मीटरवर कोणी उभं असेल, तर एका गाडीने त्याला शिवलंही नाही आणि दुसरीने त्याला ३० च्या वेगाने उडवलं. फरक फक्त टायरचा.

आणि वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं. ६० ला जे १५ मीटरमध्ये जमतं, त्याला १२० ला ६० मीटर लागतात. ताकद वाढवताना हे चौपटीचं गणित तुमच्या ट्यूनरने डायनोच्या कागदावर छापलेलं असतं का?

तळहाताएवढे चार ठिपके. गाडीचा रस्त्याशी संबंध एवढाच. तुमचे दीडशे काय नि चारशे काय, सगळे पीएस त्या चार ठिपक्यांतून जातात. ब्रेक कितीही मोठे लावा, ते चाक थांबवतात, गाडी थांबवतो टायर. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना कंपनी जे टायर देते, ते मायलेज आणि टिकाऊपणा बघून निवडलेले असतात. कडक रबर, पन्नास हजार किलोमीटर चालणारं. पावसाळ्यात वरंधा उतरताना तेच रबर साबणासारखं वागतं. चांगले चार टायर आणि बरा स्टेज वन, खर्च साधारण सारखाच येतो. निवड तुमची.

तेव्हा माझा क्रम लिहून घ्या.

पहिले दीड हजार किलोमीटर काहीही करू नका. गाडी रन-इन होऊ द्या आणि तुम्हीही व्हा. गाडी मूळची कशी आहे हेच ज्याला माहीत नाही, तो बदल कशाच्या तुलनेत करणार?

मग टायर. साइज कंपनीने दिलेलीच ठेवा, कंपाउंड चांगलं घ्या. लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग मूळच्यापेक्षा कमी नको. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दुकानात उभं राहून ते वाचा, दोन वर्षं पडून राहिलेला माल गळ्यात मारून घेऊ नका. सोळाचे काढून अठराचे जाड-जड अलॉय लावायचा मोह टाळा. चाक जड झालं की गाडी पळायलाही जड आणि थांबायलाही. शिवाय बारीक भिंतीचा टायर आपल्या महापालिकेच्या खड्ड्यात किती दिवस टिकेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. अलाइनमेंट आणि हवा वेळच्या वेळी. हवा फुकट आहे.

मग ब्रेक. लगेच मोठ्या डिस्क नकोत. चांगल्या पॅडचा सेट आणि ताजं ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ ची किमान पातळी ताजं असताना २३० अंश आणि पाणी शोषल्यावर १५५. डॉट ५.१ ची २६० आणि १८०. घाट उतरताना ब्रेक तापले, ऑइल उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले की पेडल मऊ पडतं आणि थेट तळाला जातं. त्या क्षणी तुमच्या एक्झॉस्टचा आवाज कितीही गोड असो, दरी तेवढीच खोल असते. दर दोन वर्षांनी ऑइल बदला. काही हजारांचं काम आहे. फक्त डॉट ५ घेऊ नका, ते सिलिकॉनचं असतं, आपल्या गाड्यांचं नाही.

आणि मग चालवणारा. यावर पैसे खर्च करायला कोणीच तयार नसतो, कारण त्याची रील होत नाही. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टाईचा ट्रॅक आहे, कोइम्बतूरला कारी आहे. लांब आहे, मान्य. पण ज्याने गाडीवर तीन लाख घालायची तयारी केलीये, त्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि प्रवास परवडत नाही हे मला पटत नाही. एबीएस लागल्यावर पाय न सोडता पूर्ण दाबून धरणं, वळणाच्या आधी ब्रेक संपवणं, नजर लांब ठेवणं, एवढं जरी अंगात मुरलं तरी तीच स्टॉक गाडी तुम्हाला नवी वाटेल. आणि तिथे एकदा एखाद्या साध्या हॅचबॅकवाल्याने तुम्हाला मागे टाकलं की रिमॅपचं भूतही उतरतं.

आता नेहमीचा आक्षेप. "गाडी माझी, पैसे माझे, तुझ्या पोटात का दुखतं?" गाडी तुमची आहे. रस्ता नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला पहाटे जे झालं ते पुणं विसरलेलं नाही. दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी चालवणारा १७ वर्षांचा होता असं पोलिसांनी सांगितलं, गाडीला नंबर प्लेट नव्हती आणि सुरुवातीला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन झाला. ती गाडी इलेक्ट्रिक होती, तिला सायलेन्सरच नव्हता. म्हणून मी म्हणतो, आवाज बंद केला म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. आज शोरूममधून बाहेर पडणारी गाडीच इतकी वेगवान आहे की तिच्यात कमतरता असलीच तर ती चालवणाऱ्याच्या शहाणपणाची. ते कुठल्याही दुकानात बसवून मिळत नाही.

इथवर आपल्या लोकांना बोललो. आता सरकारला.

कायदा कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचे तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आवाज आणि प्रदूषणाच्या गुन्ह्याला पहिल्यांदा १०,००० पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स बाद. कागदावर काहीच कमी नाही.

रस्त्यावर काय दिसतं? दर काही महिन्यांनी जप्त पुंगळ्या रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोलर फिरवला जातो. फोटो निघतात, बातमी छापून येते. त्या पुंगळ्या विकणारी दुकानं दुसऱ्या दिवशी तशीच उघडी. आणि ज्या टॅक्सीच्या, टेम्पोच्या, कॉलेजच्या बसच्या टायरवर नखभरसुद्धा नक्षी उरलेली नाही, ती त्या रोलरच्या शेजारून निघून जाते. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही, हा नियम आहे. चौकात उभं राहून ती खोली मोजणारा कोणी तुम्हाला कधी भेटला? मला नाही. पीयूसीच्या टपरीवर कॅट काढलेल्या गाड्यांना सर्टिफिकेट कसं मिळतं, हेही एकदा परिवहन खात्याने सांगावं.

दुसरं, सगळ्या बदलांना एकाच काठीने हाणल्यामुळे शहाणा बदल करणाराही चोर ठरतो. रस्त्यात अडवलं की चांगले ब्रेक पॅड लावणारा आणि कॅट उपटणारा दोघेही "मॉडिफाइड गाडीवाले". मग माणूस विचार करतो, शिक्षा सारखीच आहे तर आवाजच का नको?

यावर उपाय नवा शोधायचा नाहीये. सीएनजी किटचं बघा. मंजूर झालेलं किट, अधिकृत ठिकाणी बसवायचं, आरटीओत दाखवायचं आणि आरसीवर नोंद करून घ्यायची. गाडीचं इंधनच बदलायला कायदेशीर वाट आहे, तर चाचणी झालेल्या सस्पेन्शनला आणि ब्रेकला का नसावी? जर्मनीत हेच चालतं. सुट्या भागासोबत चाचणीचा कागद येतो, तपासनीस बघतो, गाडीच्या कागदपत्रांत नोंद होते. आणि चाचणी करणार कोण, हा प्रश्न पुण्याने तरी विचारू नये. एआरएआय आपल्या वेताळ टेकडीवर आहे, सीआयआरटी भोसरीला आहे. देशभरातल्या गाड्या पास-नापास करणाऱ्या संस्था आपल्या गावात बसल्यात आणि आपण पुंगळीवर रोलर फिरवून टाळ्या वाजवतोय!

माझ्या मागण्या तीन. तपासणीत आवाजाबरोबर टायर आणि ब्रेकही मोजा, आणि मीटरने मोजा, कानाने नाही. बेकायदा एक्झॉस्ट विकणाऱ्या आणि बसवणाऱ्या दुकानावर कारवाई करा, फक्त गिऱ्हाइकावर नको. आणि सुरक्षित बदलांची मंजूर यादी करून आरसीवर नोंदीची वाट उघडा.

तोवर आपल्या हातात जे आहे ते आपण करू. ज्याची डिलिव्हरी पाडव्याला आहे, त्या प्रत्येकाला ही पोस्ट पाठवा. ट्यूनिंगवाल्या मित्रांनो, तुम्हीही कमेंटमध्ये या, पण डायनोचा कागद घेऊन येऊ नका. तुम्ही ताकद वाढवून दिलेल्या गाड्यांपैकी किती जणांना "आधी टायर बदल, मग ये" असं सांगून परत पाठवलंत, तेवढा एकच आकडा लिहा.